मेलचा विषय

ऑफिसात मला पाठीमागे 'कुलूपबाई' म्हणतात. म्हणोत बापडे. हॉस्पिटलचे रिपोर्ट पेशंटना ईमेलने पाठवायचं काम माझं, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिणाऱ्याची मी चारचौघांत बिनपाण्याने करते. दाराला कुलूप घालून किल्ली कडीलाच टांगायची, ही कुठली अक्कल? फाइलला पासवर्ड, पासवर्ड फोनवर, आणि तोही फक्त पेशंटलाच. बास.

आज माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, म्हणजे ताईंचा, रिपोर्ट आला. छातीत गाठ लागली होती, तपासणी त्यांनी घरात कुणाला कळू न देता केली होती.

"आधी मला एकटीला कळू दे गं," त्या म्हणाल्या होत्या. "आईंना मग मीच सांगेन. मामंजींच्या वेळी काय झालं ते पाहिलंस ना?"

सासरे गाठीनेच गेले. त्यानंतर सासूबाई कित्येक महिने धड जेवल्या नव्हत्या. मी ताईंना शब्द दिला होता.

फाइल न वाचता कुलूपबंद केली, मेल पाठवला आणि ताईंना फोन करून पासवर्ड सांगितला.

"पण मेल आलाच नाही," त्या म्हणाल्या.

पाठवलेल्या मेलवरचा पत्ता पाहिला. मी आमच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली होती, पुढचा पत्ता कॉम्प्युटरने सुचवला होता, आणि मी न बघता बटण दाबलं होतं. मेल आमच्या घरच्या, सगळ्यांच्या ईमेलवर गेला होता. तो उघडतो स्वयंपाकघरातल्या टॅबवर, आणि टॅब दिवसभर सासूबाईंच्या हातात.

"ताई, मेल चुकून घरच्या टॅबवर गेलाय. घरी या, मीही निघते. पासवर्डशिवाय फाइल उघडणार नाही, काळजी करू नका."

वाटभर मी स्वतःलाही तेच बजावत होते. तरी घराच्या पायऱ्या मी दोन-दोन करून चढले.

सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. समोर टॅब, बाजूला अर्धवट चिरलेली भाजी.

"तुझ्या ऑफिसातून काहीतरी आलंय. पासवर्ड मागतंय."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. "चुकून आलंय, आई. द्या इकडे."

त्यांनी टॅब दिला नाही. "बायोप्सी म्हणजे तीच ना, ह्यांची केली होती ती?"

मी वाकून पाहिलं. फाइल बंदच होती. पण मेलच्या विषयात मीच लिहिलं होतं: ताईंचं पूर्ण नाव, आणि पुढे 'बायोप्सी रिपोर्ट'. एवढी कुलपं घातली आणि दारावर पाटी मीच लावली.

तेवढ्यात ताई आल्या. आमचे चेहरे पाहूनच समजल्या.

सासूबाई उठल्या आणि टॅब त्यांच्या हातात दिला. "मी काही उघडलेलं नाही. आधी तू वाच. वाटलं तर हाक मार, नाहीतर नको मारूस." पदराने डोळे पुसत त्या बाहेर गेल्या.

मी ताईंच्या शेजारी खुर्ची ओढली.

"तूही जा," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता.

बाहेर सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी दाराकडे कान लावून होतो.

"आई! या ना. साधीच गाठ आहे."

सासूबाई धावतच आत गेल्या. दोघींचं रडणं ऐकू आलं, मग हसणं. मी दाराशीच थांबले. मला कुणी हाक मारली नव्हती.