जागेत बसेल तो आवाज

आई माझ्याकडेच राहणार की दादाकडे जाणार, हे आज दुपारी ठरायचं होतं. आणि ज्या मशीनमधून तिने ते सांगायचं, ते मशीन माझ्यापुढे टेबलावर पोट उघडं टाकून पडलं होतं.

घशाच्या ऑपरेशनपासून आईला आवाज नाही. हात थरथरतो, त्यामुळे पेन धरता येत नाही, आणि मोबाईलवर बोट टेकवलं की एका अक्षराच्या जागी चार उमटतात. मोठ्या कळांचं हे बोलकं मशीन तेवढं तिला जमतं. ती कळा दाबते, मशीन बोलतं. बोलायचं, म्हणजे. गेल्या आठवड्यात ते बंद पडलं. चालू केलं की कंपनीचं चिन्ह येतं, एकदा टूं वाजतं आणि पुढे ढिम्म. विचारायला जावं तर ती कंपनीही कधीच गुंडाळलेली.

मानेने सांगेल म्हणाल, तर आईची मान हे एक प्रकरणच आहे. दादाने विचारलं, "आई, येतेस ना माझ्याकडे?" मान डोलली. मी विचारलं, "आई, इथेच राहतेस ना?" तेवढीच डोलली.

"आईला चालेल गं," दादा म्हणाला.

आईला चालेल! माझं टाळकंच सटकलं. हा कोण टिकोजीराव तिच्या वतीने ठरवणारा? तिची औषधं मी बघते, पथ्य मी सांभाळते, तिला काय हवंय ते मला तिच्या नुसत्या भुवईवरून कळतं. तिला जायचं नाहीये, हे मला शंभर टक्के माहीत होतं. "ती स्वतः बोलल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकणार नाही," मी ठणकावलं.

तर हा आज गाडी ठरवूनच आला. खाली गाडीवाला हॉर्न वाजवतोय, दादा माझ्या मागे येरझाऱ्या घालतोय, आई पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसलीये, आणि मी घामाघूम.

कारखान्यांची कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करणं हे माझं कामच, त्यामुळे जुन्यापान्याचं मला भय नाही. मशीनच्या बोर्डावर नखाएवढी फ्लॅश मेमरी डकवलेली आहे. तसली आता कोणी बनवतही नाही. तिच्यातली सिस्टिम बिघडली होती, ती नव्याने टाकायची, एवढंच. पण माझ्या लॅपटॉपला ती मेमरी दिसेचना. 'डिस्क सापडली नाही.' अगं बये, समोर तर आहे! शेवटी वर्कशॉपमधला जुनाट लॅपटॉप आणला, त्याने कुरकुरत का होईना ओळख दाखवली. लगेच दुसरं रडगाणं: 'जागा अपुरी.'

"म्हणजे काय?" दादा.

"म्हणजे मेमरी झिजलीये. बराचसा भाग मेलाय तिचा. लिहून लिहून झिजते ती, चपलेच्या टाचेसारखी. आणि मी दरवेळी प्रयत्न करते ना, तेव्हा आणखी झिजते. आता एकदाच काय ते. तू जरा बस बघू एका जागी, माझं डोकं गरगरतंय."

बसला तो, पण पाय हलवत. ते त्याहून वाईट.

मी सिस्टिममधलं नको ते उपटायला लागले. कॅलेंडर काढलं. खेळ काढले. परक्या भाषांचे आवाज काढले. तरी जागा पुरेना. उरले मराठीचे दोन आवाज, एक बाईचा, एक पुरुषाचा. बाईचा चांगला गोड, पण जागा खाणारा. पुरुषाचा आटोपशीर, बरोबर मावत होता.

"पुरुषाचा टाकते," मी म्हणाले.

"अगं, आई काय बाप्याच्या आवाजात बोलणार?"

"तिला काय, चालेल."

आई खुर्चीच्या हातावर बोटं आपटायला लागली. "हो गं आई, करतेय, होतच आलंय," मी मागे न बघता म्हणाले आणि कळ दाबली.

लॅपटॉपच्या पडद्यावर पट्टी सरकायला लागली. अर्धी झाली. पाऊण झाली. आणि थांबली. मी उठले, बसले, पुन्हा उठले. वायरीला हात लावावासा वाटत होता आणि लावायची सोय नव्हती. खालून हॉर्न. "ओरडून सांग त्याला गप्प बसायला!" मी दादावर खेकसले. तो खिडकीकडे गेला आणि तेवढ्यात पट्टी हलली. सरकत सरकत टोकाला लागली. चिन्ह आलं. टूं. मी डोळे मिटले. पुन्हा टूं, आणि कळांखालचे दिवे लागले.

"झालं! आई, झालं!" मी मशीन तिच्या मांडीवर ठेवलं. "सांग आता ह्याला."

आईने बोट उचललं. थरथरत एकेक कळ शोधायला लागली. पडद्यावर 'मला' उमटलं.

"बघ," मी दादाला म्हणाले, "मला जायचं नाही, हेच म्हणतेय ती."

आईने माझ्या हातावर चापट मारली. चांगली सणसणीत. मग पुढची अक्षरं दाबली आणि मशीनमधून एक जाडाभरडा बाप्या बोलला, "मला बोलू दे."

मी हसले. दादाही हसला. आई हसली नाही. तिचं बोट चालूच होतं.

"मी जाते दादाकडे," तो बाप्या म्हणाला.

"मी म्हटलं नव्हतं?" दादा उसळला.

"तू पण गप्प," मशीन म्हणालं.

हा सांगतो म्हणून जातेस का, असं मी विचारलं, तर आईने पर्स जवळ ओढली. मग मी तोंडात आलं ते बोलले, "अगं, ही मेमरी किती दिवस टिकेल सांगता येत नाही. तिथे बिघडलं तर कोण दुरुस्त करणार?"

तिने किती वेळ लावला त्या वाक्याला! मध्ये चुकली, खोडलं, पुन्हा लिहिलं. शब्द काय असतील ते मी मनात जुळवत होते. एकही जुळला नाही.

"बिघडलं तर बिघडलं. तिथे दिवसभर कुणी नसतं. बोलावं लागत नाही."

दादाची मान खाली गेली. मला राग आला. त्या बाप्याच्या आवाजाचा आला, आईचा आला, सगळ्यांचा आला. तिच्या पर्सचा बंद निसटला होता, तो मी लावून दिला. खाली पुन्हा हॉर्न वाजला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "थांबा हो जरा! येतेय! माझी आई येतेय!"