व्हर्लीनच्या वाटणीचा तवा

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या नेवार्क शहरातल्या एका स्वयंपाकघरातला जुना बिडाचा तवा आहे. आठवडाभर माझ्या जिवाला स्वस्थता नाही. मी नक्की कोणाचा, हेच मला कळेनासं झालं आहे.

दक्षिणेकडच्या अलाबामातल्या भट्टीत मी ओतला गेलो आणि माझ्या मालकीण ओडेसाबाईंच्या सामानातून इथे उत्तरेला आलो. त्यांची थोरली लेक व्हर्लीन माझ्यात मक्याचा पाव भाजून वस्तीतल्या पोरांना शाळेआधी फुकट खाऊ घालायची. काळ्यांच्या हक्कांसाठी मोर्चे काढायची. पुढे पोलिसांशी झालेल्या एका चकमकीत एक पोलीस मेला. कोर्टाने तिला दोषी ठरवलं, ती तुरुंगातून पळाली आणि क्युबात हवानाला जाऊन राहिली. गोळी तिनेच झाडली का, मला ठाऊक नाही. मी शेगडीवर होतो. आमच्या वस्तीत कुणी भिंतीवर तिचं चित्र काढतं, कुणी त्यावर डांबर फासतं.

गेल्या आठवड्यात ओडेसाबाई गेल्या. व्हर्लीनला आईच्या मातीलाही येता आलं नाही. आमच्याकडे आईचा तवा थोरल्या लेकीला जातो. म्हणून दफनानंतरच्या जेवणात धाकटी अर्नेस्टीन म्हणाली, "हा ताईचा. हवानाला पाठवायचा."

"खुनी बाईला आईची वस्तू?" भाऊ क्लिफर्ड उसळला. तोही पोलीसच.

"तिच्या हातचं खाऊनच एवढा फुगलास ना रे!"

त्याने मला उचललं, तारेच्या घासणीने खरवडलं आणि साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. मित्रांनो, बिडाच्या तव्याचा असा अपमान आमच्या घरात कुणी करत नाही. वर्षानुवर्षं मुरलेला तेलाचा थर गेला. सकाळी मी गंजून लाल झालो होतो. मला फार रडू आलं.

तेवढ्यात हवानाहून व्हर्लीनचा फोन आला. अर्नेस्टीनने तो भावापुढे धरला. क्लिफर्डने फोन घेतला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"ताई, तुझा तवा मी गंजवला."

"मग घास आता. मीठ घे. नंतर चरबी चोळून ओव्हनमध्ये उपडा ठेव. आईने शिकवलंय ना, गाढवा?"

तो घासू लागला. "त्या पोलिसालाही आई होती, ताई."

"ठाऊक आहे रे. पण गोळी मी नाही झाडली."

"कोर्ट म्हणतं, झाडलीस."



मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवून पुजू नका आणि साबणाने धुऊनही टाकू नका. मला विस्तव द्या, तेल द्या, आणि भांडायचं तर माझ्यासमोर भांडा. क्लिफर्ड फोन खांद्यावर दाबून मला मिठाने घासत राहिला. फोन त्याने ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.