तसं तातडीचं नाही

दवाखान्याच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला सगळी वस्ती पाठीमागे फौजदार म्हणायची, आणि तिला ते ठाऊक होतं. सकाळी दवाखाना उघडला रे उघडला की ती कानाला हेडफोन लावून एकच प्रश्न विचारत सुटे, "तातडीचं आहे का?" हो म्हणणाऱ्याला आजची वेळ, नाही म्हणणाऱ्याला "उद्या सकाळी पुन्हा फोन करा." पहिला चहा गार व्हायच्या आत दिवसभराच्या वेळा संपत. मग उरलेल्यांच्या शिव्या खायच्या, हे तिचं खरं काम.

यात तिचा दोष तरी किती? पूर्वी इथे दोन डॉक्टर होते. सरकार माणशी जे अनुदान देई ते वर्षानुवर्षं होतं तिथेच राहिलं, वस्ती मात्र फुगत गेली. दुसऱ्या डॉक्टरीणबाई विटून निघून गेल्या आणि त्यांच्या खोलीत कागदांचे गठ्ठे अन् मोडका वजनकाटा जाऊन बसला. अनुदान वाढवा म्हणून डॉक्टरांनी अर्ज करकरून हात टेकले. वरून एक साहेब येत, भिंतीची ओल बोटाने दाबून बघत आणि मान हलवून जात. उरलेले एकटे डॉक्टर उभ्या उभ्या जेवायचे. त्यांना जगवायचं तर दारात कोणीतरी वाईटपणा घ्यायला हवा होता. तो तिने घेतला, आणि खरं सांगायचं तर तिला तो जमलाही छान.

संध्याकाळी जेवताना ती दिवसभरातल्या फोनांच्या नकला करी. "अहो, फार तातडीचं आहे हो, सकाळपासून दोनदा शिंकलो!" नवरा गालातल्या गालात हसे, पण सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

"एकेक नमुने बाई!" त्या म्हणत. "आणि खरा आजारी बिचारा राहतो बाजूला."

"घरच्यांनासुद्धा माझ्याकडे मागचं दार नाही हं," ती ठणकावून सांगे. "तुम्हाला काही झालं तरी फोन करूनच यायचं, आई."

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणून सासूबाई पाव दुधात बुडवत.

ते पावाचं तिने पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. कडक पाव कडाकडा चावणाऱ्या सासूबाई तो आधी भिजवून खायला लागल्या, मग नुसत्या दुधावर आल्या. कवळी टोचते, म्हणाल्या. कपडे अंगावर ढगळ झाले, तर या वयात बारीक झालेलं बरं दिसतं, म्हणाल्या. दिवसभर परक्यांची दुखणी ऐकून किटलेले तिचे कान घरी आल्यावर मिटूनच घेत. राग येतो तिचा, आणि कीवही येते.

एका रविवारी दुधाचा घोटही उलटून आला. दुसऱ्याच दिवशी तिने स्वतःचा नियम मोडला. डॉक्टरांच्या जेवणाच्या वेळेत सासूबाईंना मागच्या दाराने आत नेलं.

डॉक्टरांनी हातातला घास डब्यात ठेवला, हात धुतले आणि मान चाचपायला घेतली. एका जागी त्यांची बोटं थांबली.

"घास कधीपासून अडकतोय, आजी?"

"झाले की बरेच महिने. तुमच्या त्या डॉक्टरीणबाई गेल्या, त्या सुमारास."

"अहो आई, मला सांगायचं नाही का!" ती मध्येच ओरडली.

"सांगितलं की," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या नियमाप्रमाणे फोन केला. तूच उचललास. तातडीचं आहे का, विचारलंस. म्हटलं, नाही, तसं तातडीचं नाही. उद्या करा, म्हणालीस. दुसऱ्या दिवशी परत केला, परत तेच. मग म्हटलं नकोच. नाहीतर संध्याकाळी माझीच नक्कल करून दाखवायचीस."

आणि त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या.

तिने खूप आठवून पाहिलं. रोज घरात ऐकलेला तो आवाज दोनदा तिच्या कानात आला होता आणि तिने तो ओळखला नव्हता. ओळखायला तिने ऐकलाच कुठे होता?

मोठ्या इस्पितळातही रांगच होती, आणि तिथल्या काउंटरवरही एक फौजदार होती. नंबर लागेपर्यंत सासूबाईंना पाणी चमच्याने पाजावं लागत होतं. शेवटी तिथल्या डॉक्टरांनी नवरा-बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की आता शस्त्रक्रियेत अर्थ नाही, घरी न्या, जपा. "थोडं आधी आणलं असतं तर," एवढं म्हणून ते थांबले.

ती कामावर परतली. न परतून जाते कुठे? वेळा भराभर संपल्या. डॉक्टरांच्या जेवणाच्या वेळेतही तिने दोघांना कोंबलं. त्यानंतर एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला आणि तिच्या तोंडून सवयीने प्रश्न निघून गेला.

"नाही हो, तसं तातडीचं नाही."

"ठेवू नका!" ती एवढ्या जोरात म्हणाली की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "काय होतंय ते सांगा मला."

बाईंनी सांगितलं. पाठ धरते, झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाकीचे फोन वाजत राहिले. समोरच्या दिवसात कुठे बोट शिरेल एवढीही जागा नव्हती.

"बाई, उद्या उघडल्या उघडल्या फोन करा," ती म्हणाली. "आणि तातडीचं आहे म्हणा. एवढं ऐका माझं."

"छे हो," बाई म्हणाल्या, "उगाच दुसऱ्याची जागा कशाला अडवू?" आणि त्यांनी फोन ठेवला.