रखमाजींचा पाय

रखमाजी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेला, अर्पिताला, मुलगा झाला. डावं पाऊल आत वळलेलं, तळवा वर आलेला, थेट रखमाजींसारखं. बदनापूरच्या त्या घराला मग दुःख करायला फार सवड मिळाली नाही. "आपला रखमा परत आला," असं त्यांच्या थोरल्या बहिणीनं, साळूआत्यानं, जाहीर केलं. तेराव्याला आलेले पाहुणे फोटोला हार घालून पाळण्याच्या पाया पडू लागले. अर्पिता बाळाला पाजताना डोक्यावरून पदर घ्यायची. सासरेच ते.

रखमाजींची मुलगी तृप्ती हे सगळं बघत होती. आदल्या दिवशीच ती आणि तिचा भाऊ सोमेश्वर, बाळाचा बाप, बाळाला जालन्याच्या दवाखान्यात दाखवून आले होते. जन्मजात आहे, डॉक्टर म्हणाले. नेमकं कारण बहुधा कळत नाही, काही घरांत पिढ्यांतून उतरतं. दर आठवड्याला नवं प्लास्टर, अशी पाच-सहा. मग टाचेमागच्या शिरेला बारीकसा छेद, आणि चार वर्षांचा होईपर्यंत झोपताना पट्टीनं जोडलेले बूट. सोमवारी या.

"रखमाच्या पायाला चुना लावता?" आत्या म्हणाली. "त्याच पायानं जल्मभर शेत केलं त्यानं. सरळ केल्यावर मी वळखू कसं त्याला?"

दहावीला विज्ञान शिकवणारा सोमेश्वर जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, वर्षभर थांबू. भावनेचा प्रश्न आहे."

तृप्तीनं बाळाचं पाऊल हातात घेतलं. तेच वळण. क्षणभर तिलाही वाटलं, राहू द्यावं.

"आत्या," ती म्हणाली, "आबा परत आले हे खरं ना?"

"बराबर."

"चाळिशीत आबा जालन्याला गेल्ते, पाय दाखवायला. मला एकटीलाच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आता हाडं कापावी लागतील, तरी पुरता सरळ व्हायचा न्हाई. लहानपणी आणायला पाहिजे होतं."

आत्यानं बाळाच्या पावलावर हात ठेवला.

"ह्या खेपेला वेळेवर आलेत," तृप्ती म्हणाली.

"मला का न्हाई बोलला तो?" आत्या म्हणाली. मग तिनं अर्पिताला दवाखान्यात न्यायला दुपटं काढून ठेवायला सांगितलं.

सोमवारी रिक्षात आत्याच आधी बसली. दवाखान्यात नाव आणि वय विचारलं.

"रखमाजी," आत्या म्हणाली. "बहात्तर."

तृप्तीनं वय दुरुस्त केलं, नाव राहू दिलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं तसा बाळाचा गुडघा धरून बसली.