मंगळवारचा बाक

मित्रांनो, माझ्या फळीखाली हात फिरवलात तर बोटांना पांढरे खडबडीत ठिपके लागतील. तो वाळलेला चुना आहे. तंबाखू चोळून झाली की माझ्यावर बसणारी माणसं बोटाला उरलेला चुना गुपचूप तिथं पुसायची. कारागृहात तंबाखूला बंदी आहे. तरी ती कुठून तरी आत येतेच.

मी सागवानाचा एक जुना बाक आहे. माझं लाकूड आलापल्लीच्या जंगलातलं. ज्या सुतारानं मला घडवलं तो म्हणाला होता, "हा बाक शाळेत जाईन." पण मी गेलो जिल्ह्याच्या कारागृहात. तिथल्या एका छोट्या खोलीत मला भिंतीशी ठेवलं आणि बाहेर पाटी लागली, 'व्यसनमुक्ती समुपदेशन'.

पहिली काही वर्षं त्या खोलीत भाषणंच झाली. कोणीतरी खुर्चीवरून बोलायचं, माझ्यावर चार कैदी मान खाली घालून बसायचे आणि घंटा झाली की उठायचे. मग एका मंगळवारी सरिताबाई आल्या. ब्रह्मपुरीहून पहाटेची बस पकडून आलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि त्या माझ्याच दुसऱ्या टोकाला बसल्या. कैद्याच्या शेजारी! माझ्यावर असं आजवर कोणी बसलं नव्हतं.

त्या दिवशी पहिल्या टोकाला लटारू होता. मुलचेऱ्याकडच्या एका खेड्यातला, चाळिशीचा, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातशेतात राबलेला माणूस. दारूच्या नशेत त्यानं सख्ख्या मोठ्या भावाला काठी मारली होती. भाऊ वाचला, पण त्याचा एक डोळा गेला.

"भाषन देऊन टाका बाई लवकर," लटारू म्हणाला.

"मले भाषन येत नाई," सरिताबाई म्हणाल्या. "तुमीच सांगा. दारूनं तुमाले चांगलं काय देलं?"

लटारूनं मान वर केली. असा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता.

"पाय दुखत नाई," तो म्हणाला. "झोप लागते. अन् पेल्यावर मी भावापरीस लहान नाई वाटत."

"अन् नेलं काय?"

माझ्या कडेवर त्याची बोटं घट्ट आवळली गेली. मग तो इतकंच म्हणाला, "त्याचा डोळा."

पुढच्या मंगळवारी बाईंनी विचारलं, "सुटल्यावर दारूबिगर राहता येईन, याचा भरोसा दहापैकी किती?"

"दोन."

"शून्य काऊन नाई?"

तो बोटांवर मोजू लागला. "रिनाले ताप होता तवा बारा दिवस नाई पेलो होतो मी. पोरगी हात सोडत नव्हती माह्या."

"मंग ते बारा दिवस कोनं काढले? मी तर नव्हती तिथी."

लटारू हसला. मित्रांनो, त्या खोलीत मी ऐकलेलं ते पहिलं हसू. दोनाचे चार झाले, चाराचे सहा. बाई त्याला रागावल्या नाहीत, त्यांनी घाईही केली नाही. तो चुकला, त्यानं चोरून तंबाखू खाल्ली, तरी त्या विचारायच्या, "पुढच्या खेपेले काय करता येईन?" माझ्या फळीखालचा नवा चुना कमी होत गेला. ऐकणं हेसुद्धा एक काम असतं, हे मी त्या महिन्यांत शिकलो.

शेवटी त्याला जामीन मिळाला. जामीनदार कोण? डोळा गेलेला तोच भाऊ, इतवारी! निघण्याच्या आदल्या मंगळवारी सरिताबाई म्हणाल्या, "दवाखान्यात व्यसनाचा वॉर्ड आहे. एकट्याले भेव वाटत असन तर मंगळवारी गेटवर या. मी येतो संग."

तो सुटल्यावर अकरा दिवसांनी बाईंच्या कामाची मुदत संपली. पुढची मंजुरी आली नाही. "मी फुकट येतो," त्या म्हणाल्या. तशी परवानगी देता येत नाही, असं उत्तर मिळालं. त्यांनी पिशवी भरली, त्या माझ्यावर क्षणभर बसल्या आणि गेल्या. खोलीत जुन्या सतरंज्यांचे ढीग आले. मला उचलून बाहेर गेटजवळ ठेवलं, भेटीला येणाऱ्यांसाठी.

म्हणून पुढचं सारं मी पाहिलं.

एका मंगळवारी लटारू आला. सदरा धुतलेला होता आणि तोंडाला दारूचा वास नव्हता. माझ्यावर बसून तो दुपारपर्यंत वाट पाहत राहिला. अखेर पहाऱ्यावरचा शिपाई निकेश जवळ आला.

"कोनाची वाट पाहून राह्यला भाऊ?"

"सरिताबाईची. सुटल्यापासून एकवीस दिवस झाले, पेलो नाई मी. आता लय जड जाऊन राह्यलं. दवाखान्यात संग येतो म्हणली होती."

"ते काम बंद झालं ना. बाई येत नाई आता."

"मंग मी कोनाले सांगू?"

निकेशनं त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. लटारू घोटभर प्याला आणि बसस्टँडकडे चालू लागला. दवाखाना दुसऱ्या बाजूला होता. मी लाकूड. हाक कशी मारणार?

चार महिन्यांनी पोलिसांची गाडी आली. लटारू उतरला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. गाल बसलेले, डोळे पिवळे. कोणाकडे न पाहता तो आत गेला.

आठवड्याभरानं इतवारी भेटीला आला. उरलेल्या एका डोळ्यानं गेटवरची भेटीच्या वेळांची पाटी वाचायला त्याला वेळ लागला. माझ्यावर बसून त्यानं निकेशला जवळ बोलावलं.

"मीच आनला त्याले परत," तो म्हणाला. "कोर्टात जाऊन जामीन मागं घेतला. माह्या घरचेच मले शिव्या देऊन राह्यले. पन बाहेर तो मेलाच असता. इथी असताना सुधरला होता ना? गेल्या खेपेले गेटवरून गेला, तवा पोरीले जवळ घेऊन रडला होता. म्हणून म्हटलं, पुन्हा बाईच्या हाती देऊ."

निकेश खाली पाहू लागला.

"कोन्या वारी येते ती बाई?" इतवारीनं विचारलं.

लटारू आपण मंगळवारी इथं येऊन गेल्याचं घरी बोललाच नव्हता. निकेशनं इतवारीला सारं सांगितलं. भेटीसाठी त्याचं नाव पुकारलं गेलं. एकदा, दोनदा. तो उठला नाही. ज्या बाईंसाठी भावाला परत आणलं त्याच इथं नव्हत्या, आता त्याला काय तोंड दाखवणार?

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर, कोणी मंजुरीच्या कागदावर सही करणारे साहेब. माझं एवढंच मागणं आहे. माणूस मोठ्या मुश्किलीनं बदलाच्या दारापर्यंत येतो. तो येईल त्या दिवशी आत कोणीतरी असू द्या.