दोरीच्या अलीकडे

चेतना मॅमनी हॉलमध्ये आडवी दोरी बांधून घेतली होती. पलीकडे चौथीची मुलं, बुटक्या टेबलांवर लॅपटॉप आणि प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या मोटार लावलेल्या गाड्या, अलीकडे आईबाप. ‘‘कोई पेरेंट कुछ बताएगा तो टीम बाहर,’’ असं सांगून मॅम हसल्या होत्या, पण ते हसणं गमतीचं नव्हतं. मागच्या वर्षी म्हणे एका बापाने अर्धा प्रोग्रॅम दोरीवरून ओरडून सांगितला होता.

विनया दोरीला खेटून उभी होती. तिला बक्षिसाचं काही पडलं नव्हतं. तिचा जीव अडकला होता भलत्याच गोष्टीत. आज फेरी पार करतील त्या जोड्या वर्षभर तशाच राहणार आणि बाकीच्या मोडून मॅम नव्या लावणार होत्या. तिच्या अनिशच्या जोडीला शिवांगी सक्सेना होती. पुण्याहून गुडगावला येऊन दीड वर्ष झालं, तरी बाविसाव्या मजल्यावरच्या त्यांच्या घराची बेल अनिशसाठी म्हणून कुणी वाजवली नव्हती. ती पहिल्यांदा शिवांगीने वाजवली. गाडी तिने बांधायची, प्रोग्रॅम याने लिहायचा. दुसऱ्याच्या कामात चूक दिसली तर सांगायची, पण हात लावायचा नाही, असा दोघांचा करार.

काम तसं साधं होतं. गाडीने सरळ जायचं, समोरच्या भिंतीपाशी वळायचं, पिवळ्या चौकोनात थांबायचं. संधी दोनच. पहिल्या संधीत गाडी निघाली ती उजवीकडे ओढ खातच, आणि भिंत गाठण्याआधी कडेच्या फळीला नाक लावून घुरघुरत राहिली.

‘‘तेरा प्रोग्रॅम गड़बड़ है,’’ शिवांगी म्हणाली.

‘‘नहीं है यार. सीधा ही लिखा है.’’

‘‘तो गाड़ी को टेढ़ा चलने का शौक है?’’

विनयाशेजारी उभे असलेले शिवांगीचे वडील हसले. विनयाला हसू आलं नाही. ती उभी होती तिथून तिला स्वच्छ दिसत होतं. उजवं चाक जरा जास्तच आत दाबलं गेलं होतं आणि गाडीच्या अंगाला घासत होतं. मुलं मात्र लॅपटॉपमध्ये डोकी घालून बसली होती. मॅम घड्याळ बघत टेबलांमधून फिरत होत्या.

दिल्लीला सरोजिनी नगरच्या बाजारात या मायलेकांची एक युक्ती ठरलेली होती. दुकानदारासमोर मराठीत बोलायचं. ‘शिवण उसवलीये, नको घेऊ,’ असं विनयाने म्हणावं आणि बापड्या दुकानदाराने तोंडाकडे बघत राहावं.

तिने पर्समधून मोबाइल काढला आणि कानाला लावला.

‘‘हं, वासंती, बोल गं,’’ ती नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाली. ‘‘अगं, उजवं चाक घासतंय. जरा बाहेर ओढलं की झालं. बाकी सगळं ठीक आहे.’’

कुणी मानसुद्धा वळवली नाही. फक्त अनिशची पाठ ताठ झाली. त्याचा हात नुकताच गाडीकडे निघाला होता, बोट दाखवावं तसा. तो त्याने मागे घेतला, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो बसला.

‘‘क्या हुआ? तू कुछ बोलने वाला था,’’ शिवांगी म्हणाली.

‘‘नहीं.’’

ऐकू गेलं नाही की काय? विनयाने मोबाइल पुन्हा कानाला लावला. तेवढ्यात अनिशने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पोराचा तसा राग तिने आजवर पाहिला नव्हता. तिचा हात आपोआप खाली आला.

आता सगळा भार त्या मुलीवर होता. तिने गाडी उलटी केली. वायर ओढून पाहिली, बॅटरी दाबून पाहिली. डावं चाक टिचकीने फिरवलं. ते गरगर फिरलं. आता दुसरं फिरव, विनया मनात घोकत होती, फिरव गं बाई. शिवांगीचं बोट त्या बाजूला निघालं, आणि मॅमनी टाळी वाजवली.

‘‘टाइम. गाड़ी नीचे रखो.’’

गाडी पुन्हा त्याच फळीला जाऊन भिडली.

बाहेर व्हरांड्यात शिवांगीने अनिशला गाठलं. ‘‘तुझे पता था. बोला क्यों नहीं?’’

‘‘नहीं पता था.’’

‘‘झूठा. अच्छा है, अब मैम मुझे कोई और पार्टनर देंगी.’’

अनिश बुटाच्या टोकाने फरशी उकरत राहिला. ‘‘अरे, सांगायचं ना मग तिला,’’ विनया हळूच म्हणाली.

‘‘मला दिसलं होतं, मम्मा. मी सांगणारच होतो.’’ त्याचा आवाज फुटत होता. ‘‘पण तू आधी बोललीस. मग ते चीटिंग झालं ना.’’

शिवांगी आळीपाळीने दोघांकडे बघत होती. तिचे वडीलही येऊन उभे राहिले होते. आत चेतना मॅम फळ्यावर नव्या जोड्या लिहायला लागल्या होत्या.

‘‘बेटा, इसकी गलती नहीं है,’’ विनया म्हणाली. ‘‘मैंने फोन का बहाना करके इसको बता दिया था. इसलिए ये चुप रहा.’’

शिवांगीच्या वडिलांनी नजर दुसरीकडे वळवली. शिवांगीने मात्र कपाळाला आठ्या घातल्या.

‘‘मतलब गड़बड़ गाड़ी में थी? मेरे वाले काम में?’’

‘‘हाँ.’’

‘‘कहाँ पे, आंटी?’’

विनयाने तोंड उघडलं.

‘‘मम्मा, तू नको सांगू. तिला शोधू दे,’’ अनिश म्हणाला. त्याने हातातली गाडी फरशीवर शिवांगीच्या पुढ्यात ठेवली आणि तो मागे सरकून बसला. शिवांगीने दप्तर खांद्यावरून उतरवलं आणि ती त्याच्यासमोर मांडी ठोकून बसली.