दत्तोपंतांनी माझी पाठ उघडली तेव्हा

मित्रांनो, माझी बिजागरी कुरकुरते, कीबोर्डच्या एका कळेवरचं अक्षर पुसून गेलं आहे आणि झाकणावर हळदीचा डाग आहे. तरीही मी लॅपटॉपच आहे. रायपूरच्या तात्यापाऱ्यात दत्तोपंतांच्या घरी राहतो. त्यांची मुलगी गंधाली कॉलेजात गेली तेव्हा मला या घरात आणलं. तिच्या आईने, विजयाबाईंनी, मला ओवाळून कुंकू लावलं. त्यातलं थोडं कळांच्या फटीत गेलं, ते अजून तिथेच आहे.

गंधालीने माझ्यावर शहरांचे नकाशे काढले. येणारेजाणारे म्हणायचे, काय झकास मशीन आहे! पण हळूहळू माझ्या पोटातलं वायफाय कार्ड थकत गेलं. वायफायचा डबा वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. शेवटी साऱ्या घरात एकाच जागी इंटरनेट मिळू लागलं, ती म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. कुकर आणि कणकेचा डबा यांच्या मधे मला आसन मिळालं. गंधालीची एक मुलाखत तर शिट्ट्यांमध्येच वाहून गेली. समोरच्या साहेबांनी विचारलं होतं, "आपके यहाँ से ट्रेन गुज़र रही है क्या?"

आणि आता नवा रायपुरातल्या एका संस्थेचं बोलावणं आलं होतं. नव्या राजधानीतले रस्ते नि बसथांबे आखायचं काम. गंधालीला हेच काम हवं होतं. मुलाखत माझ्याच पडद्यावर होणार होती.

दत्तोपंत रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना ही गोष्ट फार लागली. "जल्मभर सिग्नल सांभाळला, अन् माह्याच घरात सिग्नल नाही?" असं म्हणत ते तेलीबांध्याच्या बाजारात गेले आणि नवं कार्ड घेऊन आले.

"पापा, रहने दो ना," गंधाली कळवळून म्हणाली. "कल इंटरव्यू है मेरा!"

"तू काहून घाबरून राहिली? एक स्क्रू तर आहे."

एक नव्हता, मित्रांनो. नुसत्या माझ्या पाठीचेच वाटीभर निघाले. त्या वेळी मी बंद होतो. पण पुढचा प्रकार घरात इतक्या वेळा सांगितला गेला, की मला तोंडपाठ आहे. जुन्या कार्डाला काळी आणि पांढरी अशा दोन बारीक तारा जोडलेल्या होत्या. हवेतून येणारं वायफाय त्याच पकडतात. दत्तोपंतांनी त्या काढल्या, कार्ड बदललं, स्क्रू आवळला आणि उरलेल्या तारा "या जुन्याच्या असतील" म्हणून कोपऱ्यात सारून दिल्या.

मला सुरू केलं, तर आता ओट्यावरही इंटरनेट नाही.

गंधाली मटकन जमिनीवर बसली.  दत्तोपंत हळूच म्हणाले, "चुकलं माहं, बेटा."

गंधालीने त्यांच्याकडे पाहिलं. रागवायला तोंड उघडलं होतं, पण म्हणाली, "फिर से खोलो. टॉर्च मैं पकड़ती हूँ."

तारा सापडल्या. त्यांच्या टोकाला मोहरीएवढ्या पितळी टोप्या होत्या. दत्तोपंतांच्या जाड बोटांत त्या धरताच येईनात. विजयाबाई कणकेचे हात पुसत डोकावल्या.

"अहो, हे तर ब्लाउजचं टिचबटण आहे. सरका, मले पाहू द्या."

आधी काळी, मग पांढरी. टिच! टिच!

मी जागा झालो तो काय सांगू! बैठकीत इंटरनेट, माजघरात इंटरनेट. दत्तोपंतांनी मला बारशाच्या बाळासारखं हातावर घेऊन घरभर मिरवलं, न्हाणीघराच्या दारापर्यंत.

दुसऱ्या दिवशी मुलाखत बैठकीत झाली. आवाज इतका स्वच्छ जात होता, की गंधालीचा घाबरा श्वासही पलीकडे पोचत असावा. ती पाठ केलेली उत्तरं देत होती. मग एका मॅडमनी विचारलं, "नवा रायपुर में सड़कें चौड़ी हैं, फिर भी लोग परेशान हैं. आप क्या करेंगी?"

गंधाली अडखळली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दत्तोपंत गरजले, "बस वाढवा म्हणावं!"

गंधालीने डोळे मिटले.  पलीकडे त्या मॅडम खो खो हसल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "मी अमरावतीची आहे. बाबांचं उत्तर कळलं. आता तुमचं सांगा."

तेव्हा गंधालीची भीती पळाली. कॉलेजच्या कामासाठी ती आईला घेऊन नवा रायपुरात गेली होती. भर उन्हात बस येईना, सावलीला झाड नाही, बसायला दगड नाही. शेवटी आईने छत्रीखाली डबा उघडला. हे सारं तिने सांगितलं आणि थांबा कुठे हवा, सावली कुठल्या बाजूला हवी, ते माझ्यावर काढून दाखवलं.

काम तिलाच मिळालं. दत्तोपंत म्हणतात, उत्तर त्यांचं होतं.

आता गंधालीला कार्यालयाने नवाकोरा, पातळसा लॅपटॉप दिला आहे. संध्याकाळी तो माझ्या शेजारी येऊन टेकतो, तेव्हा त्याची पाठ चटका बसेल इतकी तापलेली असते; गंधाली त्याला उन्हात उभ्या गाडीत ठेवून चहाला जाते. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं बरं चाललं आहे. पण अशा नव्याला कुणी मे महिन्यात बंद गाडीत ठेवून चहा प्यायला जात जाऊ नका. पोरगा नवा आहे. त्याला अजून कुरकुरता येत नाही.